माडावरची कीड ही एकट्या शेतकऱ्याची जबाबदारी नाही : कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कृषिमंत्री साहेब, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

साहेब, सरळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे माडाला कीड लागली की ज्याचा माड त्याने बघायचं असं चाललंय, आणि हे असंच चालू राहिलं तर माड वाचणार नाहीत. औषध, सापळा, सबसिडी जे काय मिळतं ते एकेका शेतकऱ्याच्या अर्जावर मिळतं. पण कीड एका भाटातून, म्हणजे नारळाच्या बागेतून, दुसऱ्या भाटात जाते, तिला कुंपण अडवत नाही.

आमच्या शेजारचं भाट कित्येक वर्षं बंद आहे, मालक परदेशात. वादळात पडलेले माड तिथेच कुजतायत. गेंड्या भुंगा अंडी घालतो तो अशाच कुजक्या खोडात, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात. मोठा झाला की उडून येतो आणि आमच्या माडाचा कोंब पोखरतो, मग चुडतं (झावळ्या) उमलतात ती कात्रीने कापल्यासारखी. वर त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या, म्हणजे माड आतून पोखरणारा लाल सोंडेचा भुंगा, आत शिरतो आणि तो शिरला की बाहेरून कळेपर्यंत माड गेलेला असतो. आता आम्ही आमचा खड्डा कितीही साफ ठेवला तरी शेजारच्या खोडाचं काय करायचं? बरं, गंधसापळा एकट्यानेच लावला तर आजूबाजूचे भुंगे उलट आपल्याच भाटाकडे ओढले जातात. म्हणून सापळे लावायचे तर अख्ख्या वाड्यावर, म्हणजे सगळ्या वस्तीत, एकदम लावायला हवेत, आणि ते काम पंचायत आणि तुमचं विभागीय कृषी कार्यालय मिळूनच करू शकतं.

हाच भुंगा आपल्या भागातून बाहेर गेला तेव्हा काय झालं तेही बघा. ग्वाम बेटावर तो २००७ मध्ये सापडला, हवाईत २०१३ मध्ये. तिथे तो परका, त्याला आवरणारं निसर्गात फारसं काही नाही, त्यामुळे माड भराभर गेले आणि शेवटी हवाईत खत आणि पालापाचोळा इकडून तिकडे नेण्यावरसुद्धा निर्बंध आणावे लागले. आपल्याकडे या भुंग्याला रोग आणणारी मेटारायझियम बुरशी आहे, खताच्या खड्ड्यात ती घातली की अळ्या मरतात. हे जुनं, खात्रीचं तंत्र आहे. ते गावोगावच्या खड्ड्यांपर्यंत पोचवायचं एवढंच राहिलंय.

आता बाहेरून आलेल्या किडींबद्दल, कारण खरी काळजी तीच आहे. कोळी कीड १९९८ मध्ये केरळात एर्नाकुलमला पहिल्यांदा दिसली आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. नारळ बारीक राहतो, सोडण (नारळाचं वरचं साल) तपकिरी होऊन तडकतं, काथ्याही चांगला निघत नाही. मग २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीकडे चक्राकार पांढरी माशी आली, मूळची मध्य अमेरिकेतली, आणि आज ती आपल्या माडांवर आहे. चुडताच्या पोटाला पांढरी वलयं, खालच्या केळीवर चिकट रस आणि त्यावर काळी बुरशी, हे गोव्यात कोणाला नवीन राहिलेलं नाही. दोन्ही वेळा आधी कीड पसरली आणि मग आपण जागे झालो.

पांढरी माशी दूरवर जाते ती मुख्यतः रोपांबरोबर. रिसॉर्ट आणि बंगल्यांसाठी शोभेचे पाम, नारळाची रोपं, केळीचे मुनवे असं ट्रकभर सामान बाहेरून येतं. माझी कळकळीची विनंती आहे की पत्रादेवी, पोळे, मोले, केरी या राज्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर रोपं तपासणारा तुमच्या खात्याचा माणूस असू दे, आणि कीडमुक्त असल्याचा दाखला नसलेली रोपं कुठल्याच नर्सरीने विकू नयेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कीड लागलेला माल नेण्यावर बंदी घालायचा अधिकार केंद्राला १९१४ च्या विध्वंसक कीड कायद्यातच आहे, तुम्ही गोव्याच्या वतीने दिल्लीला मागणी तरी करा.

दुसरं म्हणजे, पांढरी माशी दिसली की लोक घाबरून जहाल विषारी औषध मारतात, दुकानदारही तेच देतो. त्यात एनकार्सिया नावाची इवलीशी परजीवी माशी मरते, जी या पांढऱ्या माशीच्या पिलांतच अंडी घालून तिला आटोक्यात ठेवते. केरळात कासरगोडला असलेली नारळावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था सीपीसीआरआय हे वर्षानुवर्षं सांगतेय, आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था तर आपल्या जुन्या गोव्यातच आहे. एनकार्सिया असलेली चुडतं एका गावातून दुसऱ्या गावात नेऊन बांधणं याला फार पैसा लागत नाही, माणसं लागतात. आणि माणसं कुठे आहेत? माडावर चढून नारळ काढणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर नारळ पाडून जातो, वरचा कोंब बघायला त्याला वेळ नसतो. गावातल्या पोरांना माडावर चढायचं आणि कीड ओळखायचं असं दोन्ही शिकवा, विमा काढा आणि दिवसाचा पगार पंचायतीमार्फत द्या.

एक कायद्याचा मुद्दा. २०१६ मध्ये माडाला गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून काढलं तेव्हा लोक चिडून उठले आणि २०१७ मध्ये तो परत आणावा लागला, ते योग्यच झालं आणि ते संरक्षण राहायलाच हवं. पण मेलेला, किडलेला माड तोडायची परवानगी चार दिवसांत मिळायला हवी, आणि बंद भाटात पडलेली खोडं उचलायचा अधिकार पंचायतीला द्यायला हवा, खर्च मालकाकडून घ्या. जिवंत माड वाचवायचा तर मेलेला लवकर हलवायलाच लागतो.

नारळाचा दर कुठे पोचलाय ते तुम्हाला सांगायला नको. हुमण (माशांची आमटी) असो की सोलकढी, नारळाशिवाय आमच्याकडे एक दिवस जेवण होत नाही आणि तो सगळा विकत घ्यायची पाळी भाट असलेल्या माणसांवरही यायला लागलीय.

पावसात गेंड्या भुंग्याचा जोर वाढतो, म्हणून खड्ड्यांचं आणि खोडांचं काम त्याआधी व्हायला हवं. आमच्या पुढच्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत, त्या दिवशी तुमच्या खात्याचा अधिकारी पाठवा, आम्ही त्याला घेऊन वाड्यावाड्यावर फिरू.

आपला नम्र,
बार्देशातला एक नारळ बागायतदार