गोळी सुरू झाली म्हणून लगेच धावू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हायपोथायरॉइडची, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते त्या आजारावरची, गोळी सुरू होऊन दोनच आठवडे झालेत आणि तू जिमला निघालास, म्हणून घाईने लिहितोय. गोळीतल्या थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) रक्तातली पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे लागतात. टीएसएच (डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात ते त्यासाठीच. स्नायू तर त्याच्याही मागून सावरतात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पोटऱ्यांत गोळे येणं, जिना चढताना मांड्या भरून येणं काही महिने चालू शकतं. त्याला आळस म्हणू नकोस.

तोवर चालणं. सपाटीवर १० ते १५ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढव. सुरुवातीची ८-१० मिनिटं अगदी सावकाश, कारण या आजारात आवळलेला स्नायू सैल पडायला वेळ घेतो. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यामागे लागू नकोस. ठोके मुळातच संथ असतात, ‘१४० गाठायचेच’ म्हणून रेटलंस तर झेपेपलीकडे जाशील. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढी खूण पुरे.

वजनं महिनाभराने, आठवड्यातून दोनदा, मध्ये ४८ तास सोडून. १०-१२ वेळा उचलल्यावर आणखी दोनदा सहज उचलता येईल इतकीच. जोर काढताना बोटांना मुंग्या आल्या तर मनगटात नस दबतेय असं समज. तळव्याऐवजी मूठ टेकव. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असशील तर स्नायूदुखी हलक्यात घेऊ नकोस. व्यायामानंतर स्नायू सुजून ठणकले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. स्नायू तुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. छातीत दाब आला तर जागीच थांब आणि तातडीने दवाखाना. ‘थायरॉइडमुळेच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही.

उलटंही होतं. बसल्या जागी धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, ही डोस जास्त होत असल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी व्यायाम थांबव, पण गोळी मनाने कमी करू नकोस. डॉक्टरांना सांगून तपासून घे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॉफी-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तासांनी. जिममधलं कुणी केसांसाठी बायोटिन हातात ठेवेलच. ते टीएसएचचा आकडा खोटा दाखवू शकतं, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेव आणि लॅबमध्ये तसं सांग.

तुझाच,
जुना मित्र