घास अडतो, निदानही अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईला मऊ वरणभातही पाण्याच्या घोटाने ढकलावा लागे, रात्री उशीवर न पचलेले अन्न येई, तरी एका रुग्णालयात दोन वर्षे पित्ताच्याच गोळ्या चालल्या (पित्त नसलेला पुणेकर तसा विरळाच!). अखेर मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीत) अ‍ॅकॅलेशिया निघाला. म्हणजे अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू गिळताना सैलच होत नाही. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार सुरुवातीला एंडोस्कोपीतही निसटू शकतो. फुग्याने रुंदीकरण, १९१३ पासूनची, तो स्नायू कापणारी हेलर शस्त्रक्रिया, किंवा २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली, तोंडावाटे दुर्बिणीने स्नायू छेदणारी ‘पोएम’ हे पर्याय आहेत. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनचा गुण मात्र काही महिनेच टिकतो. मॅनोमेट्री शहरात कुठे होते, एवढी यादी तरी महापालिकेने आपल्या दवाखान्यांत लावावी.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे