बाबांच्या कॅसेटी हॅनोव्हरमध्ये

हॅनोव्हर, जर्मनी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मावशीबरोबर पाठवलेली कॅसेटींची पेटी सुखरूप पोहोचली. त्या संगणकावर उतरवण्याचे काम पुरे होत आले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

येथील जुन्या बाजारात एक टेपडेक स्वस्तात मिळाला. आतला रबरी पट्टा वितळून चिकट लगदा झाला होता; तो बदलला, टेपवरचा आवाज वाचणारे हेड आणि रोलर स्पिरिटने पुसले आणि आकाशवाणीच्या शनिवारच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची तुमची कॅसेट लावली. आवाज आला, पण दबलेला. तबल्याची चाट बोथट आणि तानपुऱ्याची झंकारणारी जवारी तर जवळजवळ नाहीच. दोष टेपचा नव्हता. आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरचे हेड किंचित कललेले असणार आणि सगळे ध्वनिमुद्रण त्याच कलत्या कोनात झाले असणार. अशी टेप सरळ हेडवर वाजवली की वरचे बारीक नाद पुसले जातात. हेडशेजारी एक लहानसा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवत गेलो, तेव्हा एका जागी तानपुरा एकदम मोकळा झाला आणि निवेदिकेचा ‘स’सुद्धा स्वच्छ ऐकू आला. आपल्या यंत्राच्या सवयीप्रमाणे या जर्मन यंत्राला मान वाकडी करावी लागली, याची मला फार गंमत वाटली.

नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, त्यामुळे सगळे ऐकूनच झाले. सीडीच्या दर्जाने एक कॅसेट सुमारे ९५० एमबी जागा घेते. फ्लॅक स्वरूपात ती साधारण निम्म्या जागेत बसते आणि त्यात काहीही गळत नाही. एमपी३ याहून लहान, पण कानाला जाणवणार नाही असे मानलेले नाद त्यात कायमचे वगळले जातात, म्हणून मूळ प्रत मी फ्लॅकमध्येच ठेवली आहे. खरखर काढून टाकण्याची सोयही असते. ती मी वापरली नाही, कारण खरखरीबरोबर तानपुराही पातळ होतो.

तुम्ही कार्डांवर राग, ताल, साथीदार आणि तारीख लिहून ठेवली होती, तीच माहिती प्रत्येक फाइलला जोडली आहे. इंटरनेटवरच्या सेवांमध्ये गायकाचे नाव मिळते. तबल्यावर कोण, हे क्वचितच. शिवाय कंपनीचा करार संपला की ऐकत असलेले गाणेही तेथून नाहीसे होते.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर याच गावचे, आणि १८९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या भावाने येथेच तबकड्यांचा कारखाना काढला. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा त्याच्या तबकड्या छापल्या गेल्या त्या हॅनोव्हरमध्येच. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना सुरू होईपर्यंत आपले गाणे असेच बोटीने येथे येई आणि तबकडी होऊन परत जाई. तुमच्या कॅसेटी विमानाने आल्या, एवढाच फरक.

दिवाळीला येताना मेमरी कार्ड घातलेला छोटा प्लेअर आणतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि बटणे खरी आहेत, त्यामुळे चष्म्यावाचूनही चालवता येईल. कॅसेटी परत मिळाल्यावर मात्र कोणालाही देऊ नका. त्यांच्या मागच्या खुंट्या मी मोडून ठेवल्या आहेत, म्हणजे चुकून त्यांच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. कपाटात उभ्या ठेवाव्यात, स्पीकरजवळ नकोत.

एका कॅसेटीला कार्डच नाही. दुसऱ्या बाजूला मारवा वाटतो, पण गायक ओळखू आला नाही आणि निवेदन सुरू होण्याआधीच टेप संपते. तेवढा भाग चिंगीच्या फोनवर पाठवला आहे. ऐकून नाव कळवावे. आईने विचारलेली भजने पहिल्याच फोल्डरमध्ये ठेवली आहेत.

चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुमचा,
सुहास