तक्रार पत्र : मला फोन करू नका, मला लिहा

कोल्हापूर
दि. 11 ऑक्टोबर 2025

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बहिऱ्या ग्राहकाला ‘फोनवर बोला’ असं सांगून तुमच्या पैसे देण्याघेण्याच्या ॲपवरचं खातं नऊ दिवस बंद ठेवल्याबद्दल

काल संध्याकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी तुमचा संदेश आला. ‘आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. प्रतिसाद न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.’ नऊ दिवसांत हा तिसरा. मी बहिरी आहे, हे पहिल्या तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. दुसऱ्या तक्रारीत तेच दोनदा लिहिलं. तिसरीला दिव्यांग प्रमाणपत्र जोडलं. तिन्ही वेळा तुम्ही फोनच केलात आणि तिन्ही वेळा ‘प्रतिसाद नाही’ म्हणून दोष माझ्या नावावर टाकलात.

दसऱ्याला, 2 तारखेला, दसरा चौकात सोनं लुटायच्या गर्दीत माझा फोन पडला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी जुन्याच नंबरचं सिम नव्या फोनात घातलं, तुमचं ॲप उघडलं आणि खातं बंद झालं. नवा फोन दिसला की खातं थांबवायचं, ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्याच पैशाची ती राखण आहे. तक्रार पुढच्या पायरीची आहे. खातं परत सुरू करायला तुम्ही एकच वाट ठेवलीय : तुमचा माणूस फोन करणार आणि खातेदारानं नाव, जन्मतारीख, शेवटचा व्यवहार तोंडानं सांगायचा. ज्याला फोनवर बोलता येत नाही त्यानं काय करायचं, हे तुमच्या ॲपमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. मी सगळं उघडून बघितलं. चॅटमध्ये विचारलं तर चौथ्या प्रश्नाला उत्तर आलं, ‘आमचे प्रतिनिधी आपल्याला कॉल करतील.’

आत 23,460 रुपये अडकलेत. माझं शाहूपुरीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि हे दिवस दिवाळीचे आहेत. महाद्वार रोडवरच्या अस्तरवाल्याचे पैसे थकलेत. माझ्याकडं मशीनवर बसणाऱ्या दोघींचा आठवड्याचा पगार मी शेजारणीकडून उसने घेऊन दिला.

6 तारखेला व्हिडिओवरून ओळख पटवायची सोय दिसली म्हणून तीही करून बघितली. समोर तुमच्या एक बाई आल्या आणि बोलायला लागल्या. मी वहीचं पान कॅमेऱ्यापुढं धरलं : ‘मी बहिरी आहे. कृपया लिहून विचारा.’ त्यांनी ते वाचलं. वाचताना त्यांचे डोळे ओळीवरून सरकलेले मला दिसले. मग पडदा काळा झाला आणि ‘ओळख पडताळणी अयशस्वी’ अशी पाटी आली. माझा चेहरा, आधार कार्ड, पॅन कार्ड, सगळं समोर होतं. अयशस्वी काय झालं?

आता कालचा फोन. तो मी नीट सांगणार आहे, कारण तुमच्या नोंदीत त्याची एक ओळसुद्धा झाली असेल असं वाटत नाही.

माझा नवरा उद्यमनगरात लेथवर आहे, तोही बहिरा. आमची मुलगी दहावीत आहे, तिला ऐकू येतं. लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत आम्ही तिला पुढं केलं. सातवीत असताना माझ्या गर्भाशयातल्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते तिनं मला खुणा करून सांगितलं. बारा वर्षांच्या पोरीचे हात तेव्हा थरथरत होते. त्या दिवशी मी ठरवलं, ह्यापुढं आपल्या आयुष्यातल्या गोष्टी हिच्या हातांतून जाऊ द्यायच्या नाहीत. तीन वर्षं मी ते पाळलं. काल तुमच्यामुळं मोडावं लागलं.

संध्याकाळी सहाला तिनं तुमच्या नंबरवर फोन लावला. इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला, ती माझ्यासमोर बसली. अकरा मिनिटं गाणं वाजत होतं असं तिनं सांगितलं. मग तुमचा माणूस आला. त्यानं विचारलं, खातेदार बोलताहेत का? ती म्हणाली, मी मुलगी, आई बहिरी आहे, समोरच बसलीय, तुम्ही विचारा, मी तिला खुणेनं सांगते आणि तिचं उत्तर तुम्हाला सांगते. तो म्हणाला, आम्ही फक्त खातेदाराशीच बोलू शकतो. तिनं परत सांगितलं. तो म्हणाला, मग त्यांना फोन द्या. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, ऐकूच येत नाही तर फोन घेऊन ती काय करणार? तो म्हणाला, निदान एकदा ‘हो’ म्हणायला सांगा, म्हणजे तुम्हाला बोलायची परवानगी दिली अशी नोंद होईल.

ह्या एका ‘हो’ची किंमत तुम्हाला कळावी म्हणून सांगते. मी शाळेत नऊ वर्षं आरशापुढं बसून बोलायला शिकले. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ओठांवर एकसारखेच दिसतात. त्यांतला फरक कळावा म्हणून बाई माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घ्यायच्या. आपसात खुणा करताना सापडलो की हातावर पट्टी. एवढं करून जो आवाज आला तो मी कधी ऐकलेला नाही, पण लोकांच्या चेहऱ्यावर बघितलाय. एकदा केएमटीत कंडक्टरला थांब्याचं नाव सांगितलं आणि अख्खी बस मागं वळली. तेव्हापासून परक्या माणसासमोर मी आवाज काढत नाही.

काल काढला. फोनवर वाकून, होता तेवढा श्वास लावून म्हणाले, ‘हो. माझी परवानगी आहे.’

मी मुलीकडं बघत होते. तिचे हात थांबले. ती फोनकडं बघत राहिली, काही न बोलता तिनं तो बंद केला आणि मला खूण केली : रेंज गेली. मी विचारलं, काय म्हणाला? परत तीच खूण, रेंज गेली. रात्री जेवण झाल्यावर ती रडायला लागली तेव्हा मला खरं कळलं. तुमचा माणूस म्हणाला होता, ‘मॅडम, मागे कसला तरी आवाज येतोय. तो आधी बंद करा आणि शांत जागी जाऊन परत फोन करा.’

तो कसला तरी आवाज मी होते. खातेदार. ज्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही असा तुमचा नियम आहे, तो माणूस. तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असं तुम्हीच सुरुवातीला सांगता. ते रेकॉर्डिंग काढा आणि वरच्या अधिकाऱ्यांनी बसून ऐका. तुम्हाला ऐकू येतं.

त्या पोराला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढच्या कागदावर ‘ग्राहक बहिरा असेल तर काय करायचं’ ही ओळच नसणार. ती ओळ लिहायचं काम तुमचं होतं.

माझ्या दुकानात काउंटरवर दोरीला बांधलेली पेन्सिल आणि वही असते. अकरा वर्षांत अशा 63 वह्या भरल्या, सगळ्या मी ठेवल्यात. ‘गळा मागून खोल नको.’ ‘बाही कोपरापर्यंत, काठ पुढं घ्या.’ ‘मंगळवारी हळदीकुंकू आहे, सोमवारी द्या.’ कसबा बावड्याहून येणाऱ्या एक आजी निरक्षर आहेत, त्या गळ्याचा आकार काढून दाखवतात आणि त्यांचं माप आजवर चुकलेलं नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा रिक्षावरचा भोंगा गल्लीतून ओरडत गेला, तो आमच्या घराला कळला नाही. शेजारच्या काकू कंबरेला पदर खोचून आल्या आणि त्यांनी ह्याच वहीत लिहिलं : ‘पाणी आलं. पोरीला घेऊन भाईर पडा.’ ते पान मी फाडून देव्हाऱ्यात ठेवलंय. 3 तारखेला नवं सिम घ्यायला गेले तर काउंटरवरच्या पोरानं माझी वही ओढून लिहिलं, ‘मावशी, अर्ध्या तासानं या,’ आणि अर्ध्या तासानं सिम दिलं. ह्या माणसांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. समोरच्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी पेन्सिल उचलली. तुमचा सगळा धंदा पडद्यावर लिहिलेल्या अक्षरांचा आणि आकड्यांचा आहे. मला लिहून प्रश्न विचारणं तुम्हालाच कसं जमत नाही?

तुमच्या पैसे-जमा-झाले सांगणाऱ्या स्पीकरबद्दलही इथंच लिहिते. दर महिन्याला त्याचं भाडं कापता. घेताना तुमच्या माणसाला मी लिहून विचारलं होतं, ह्याला पडदा किंवा दिवा आहे का? त्यानं लिहिलं, ‘लवकरच येईल.’ दोन वर्षं झाली. तो माझ्या दुकानात बोलतो आणि मला सोडून सगळ्यांना ऐकू येतं. मे महिन्यात एक बाई मोबाईलवर पैसे पाठवल्याचं जुनं चित्र दाखवून 1,850 रुपयांचं काम घेऊन गेली. आमच्या ओळखीचे एक अंध गृहस्थ आहेत, त्यांचं उलटं. त्यांना स्पीकर उपयोगी पडतो, पण ॲपच्या नव्या आवृत्तीत बटणांना नावंच दिलेली नाहीत, त्यामुळं त्यांच्या फोनमधला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज प्रत्येक ठिकाणी नुसतं ‘बटण, बटण’ म्हणतो. पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं हे त्यांनी कसं ओळखायचं?

2011 च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या 50 लाखांहून जास्त लोकांची नोंद आहे. मी तुमच्याकडं दया मागायला आलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये, दुसऱ्या कलमात, ‘संवाद’ ह्या शब्दाची व्याख्याच दिलीय. लिखित मजकूर, ब्रेल, स्पर्श, मोठी अक्षरं, सांकेतिक भाषा, सोपी भाषा, हे सगळं त्यात येतं. मी लिहून उत्तर दिलं तर कायद्याच्या लेखी तो संवादच झाला. तुम्ही मात्र ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिता. 46 व्या कलमानं सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांना सुगम्यतेचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. नियम 15 जून 2017 ला निघाले. मुदत संपून सहा वर्षं झाली.

आणि ह्याच वर्षी, 30 एप्रिल 2025 ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रियांना ओळख पटवताना ‘पापणी मिटून दाखवा’ म्हणून अडवलं जात होतं, त्या आणि एक अंध वकील न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवायची, पद्धत दिव्यांगांना वापरता येईल अशी करा म्हणून निर्देश दिले. त्या बायकांना पापणी मिटता येत नव्हती, मला फोन ऐकता येत नाही. तुमच्या कायदा विभागानं हा निकाल वाचला नसेल तर आता वाचावा.

माझं खातं सोमवारी संध्याकाळपर्यंत लिखित प्रश्नोत्तरांवर किंवा समोरासमोर कागदपत्रं बघून सुरू करा. कोल्हापुरात तुमचं कार्यालय असेल तर पत्ता कळवा, मी येते, वही घेऊन. माझ्या खात्यावर ‘ग्राहक बहिरी, फक्त लेखी संपर्क’ अशी नोंद करा, म्हणजे पुढच्या वेळी हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. व्हिडिओ पडताळणीत प्रश्न पडद्यावर लिहून दाखवायची सोय करा आणि सांकेतिक भाषा येणारी माणसं नेमा. दिल्लीतल्या सरकारी सांकेतिक भाषा संस्थेनं 10,000 शब्दांचा कोश काढलाय, दुभाषी तयार होतात, शोधले तर मिळतात. मे महिन्यातले 1,850 रुपये मी मागत नाही, पण मला न ऐकू येणाऱ्या स्पीकरचं दोन वर्षांचं भाडं परत करा. आणि माझ्या मुलीची माफी मागा, लेखी, तिच्या नावानं.

हे झालं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं माझा अर्ज जाईल. कायद्याच्या 89 व्या कलमात पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड आहे, त्यापुढच्या प्रत्येकाला 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं आणि इथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही मी जाणार. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही ऑगस्टपासून कोल्हापुरातच आहे, मुंबईची गाडी धरावी लागत नाही. 63 वह्या जपून ठेवणाऱ्या बाईला कागद सांभाळायची सवय असते, एवढं लक्षात घ्या.

सहा वर्षांपूर्वी तुमचा चौकोनी कोड काउंटरवर चिकटवला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. सुट्ट्या पैशावरून होणारे गैरसमज थांबले. आकडा दोघींनाही दिसायचा, कुणाला ओरडावं लागत नव्हतं. माझ्या ओळखीच्या चार बहिऱ्या कुटुंबांना मीच तुमचं ॲप घ्यायला लावलं. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं, हा माझ्यापुढं प्रश्न आहे. त्यांचे पैसे असे अडकले तर त्यांच्या घरात फोन लावून द्यायला ऐकू येणारी मुलगीसुद्धा नाही.

उत्तर लिहून पाठवा, संदेशानं किंवा ईमेलवर. फोन केलात तर कुणी उचलणार नाही. सोमवारपासून मुलीची सहामाही परीक्षा आहे.

आपली ग्राहक,
ब्लाऊज शिलाई व्यावसायिक,
शाहूपुरी, कोल्हापूर

सोबत : दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत (दुसऱ्यांदा), बंद केलेल्या तिन्ही तक्रारींचे संदेश, 6 तारखेला कॅमेऱ्यापुढं धरलेलं वहीचं पान