शनिवारचं जेवण आणि ड्यूक-यूएनसी सामना

मंडळी, आठवण करून देतोय. शनिवारी दुपारी १ वाजता डरहमला नेहमीच्या घरी जमायचंय. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक यजमानांकडे. गोड एकानेच आणा, मागच्या वेळी सगळीकडून गुलाबजामच आले होते!

ड्यूक आणि यूएनसी (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ) यांचा बास्केटबॉल सामना संध्याकाळी ६.३० ला. तोवर पत्ते किंवा डुलकी, ज्याची त्याची मर्जी. नवख्यांसाठी: पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २० मिनिटांचे दोनच भाग असतात, एनबीएसारखे (व्यावसायिक लीगसारखे) चार नाहीत. ड्यूकचा गडद निळा घालायचा की यूएनसीचा आकाशी, हे घरूनच ठरवून या. आपल्यात दोन्ही विद्यापीठांचे माजी विद्यार्थी आहेत आणि दोघेही तिखट.

शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर गाड्या लावू नका. भाकऱ्या किती थापायच्या ते कळायला हवं, तेव्हा शुक्रवार रात्रीपर्यंत डोकी कळवा.