सुभ्या, माळावरचे खड्डे थांबव

प्रिय सुभ्या,

तुझा व्हिडिओ मिळाला. टेकाडाखालचा आपला माळ, त्यावर जेसीबी, ओळीनं खणलेले खड्डे आणि मधोमध टोपी घालून उभा तू. खाली लिहिलं होतंस, 'जुलैत ये, आपल्या हातानं एक झाड लाव.' तेव्हापासून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढं जाऊ देत नाहीस. म्हणून लिहितोय. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आम्ही सगळे बरे आहोत. मीनाची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा चालतोय.

तुला ठाऊक आहे, सुट्टीच्या दिवशी आम्ही चालायला बाहेर पडतो. डोंगर चढणं नाही, गड सर करणं नाही, नुसतं निवांत चालणं. इथं इंग्लंडात सरे परगण्यात थर्स्ली नावाचं गाव आहे. तिथून निघायचं, थर्स्ली कॉमन ओलांडायचा, पाइन आणि बर्चच्या रानातून एल्स्टेडला वे नदीपाशी उतरायचं आणि पाय कुरकुरले नाहीत तर पुढं टिलफर्ड गाठायचं. वाट लोकांच्या शेतांतूनही जाते. लाकडी खांबावर पिवळा बाण असला की ती पायी चालणाऱ्यांची वाट, निळा असला की घोडा आणि सायकलही चालते. ती हक्काची वाट असते, मालकाला अडवता येत नाही. तुमच्या आबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी बाणासकट खांब उपटला असता!

कॉमन म्हणजे गायरान समज, आणि त्यावर पसरलेला असतो तो हीथ. वाळूची, निकस, आंबट जमीन. गुडघ्याएवढं हेदर नावाचं झुडूप, मधेमधे काटेरी गॉर्सची झुडपं. महिन्याभरापूर्वी गॉर्स पिवळाधमक फुलला होता आणि उन्हात त्याला ओलं खोबरं खवल्यासारखा वास येत होता. मीना दर वर्षी तिथं थांबते आणि सोलकढीची आठवण काढते. हेदरचा जांभळा रंग मात्र ऑगस्टमध्ये. आत्ता जूनमध्ये सखल पाणथळ भागात कापूसगवताचे पांढरे झुपके आलेत. त्या भागावरून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. मागच्या आठवड्यात मी त्या फळ्यांवर पालथा पडून किडे खाणारा दवबिंदू पाहिला. आपल्या सरांनी कासला दाखवलेला, आठवतो? इथली जात वेगळी, पण थाट तोच. नखाएवढं पान, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानात चिलटाएवढी माशी अडकली होती. तिचा एकच पंख मोकळा होता आणि तो अजून हलत होता. आजूबाजूचे केस तिच्या अंगावर वाकलेले होते. निकस मातीत खायला काही मिळत नाही म्हणून हा उद्योग. या मातीला खत घातलं तर ही वनस्पती तगणार नाही, दुसरीच गवतं तिला गिळतील.

आता मुद्द्यावर येतो. फेब्रुवारीत त्याच माळावर एक टोळकं दिसलं. बहुतेक निवृत्त माणसं, हातात करवती. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बर्चची रोपं मुळासकट उपटून ढिगावर टाकत होत्या. चांगली हिरवी होणारी, सरळ, निरोगी रोपं. माझ्या पोटात गोळा आला. आपण लहानपणापासून भिंतीवर 'झाडे लावा' वाचत आलेली माणसं. मी न राहवून विचारलं. बाईंनी कंबर सरळ केली, थर्मासमधला चहा मला दिला आणि मग अर्धा तास बोलत राहिल्या.

त्यांचं म्हणणं असं. हा माळ माणसानं राखलेला आहे. चारेक हजार वर्षांपूर्वी लोकांनी इथलं रान तोडलं आणि तेव्हापासून गुरं चारून, सरपणाला आणि शाकारणीला हेदर कापून, मातीचे कापे जळणाला नेऊन तो उघडा ठेवला. इथून जवळच हिंडहेडच्या दरीत बर्चच्या काटक्यांचे खराटे बांधणारी अख्खी जमात होती. विसाव्या शतकात गुरं गेली, खराटे गेले, सरपण गेलं आणि पाइन-बर्च घुसले. शेती, घरं, लागवडीची जंगलं यांनी उरलेलं खाल्लं. सन १८०० पासून ब्रिटनमधला सखल प्रदेशातला हीथ ८० टक्क्यांहून जास्त संपला. तरीही जगातल्या अशा हीथचा पाचवा हिस्सा एकट्या या देशात आहे, म्हणून ही माणसं थंडीत कुडकुडत रोपं उपटतात. झाडं तोडता म्हणून फिरायला येणारे लोक त्यांच्यावर ओरडतात, तेही त्यांनी सांगितलं. मी नंतर थंडी संपेपर्यंत त्यांच्यासोबत गेलो. मार्चपासून काम बंद, कारण पक्ष्यांची वीण. १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला आखूड दोरीवर धरायचं, असा कायदाच आहे.

आणि पक्षी कोणते, तर रातवा! सुभ्या, तुमच्या मागच्या परड्यात ज्याचा आवाज आला की तुझी आजी अंगारा शोधायची, त्याचाच इथला भाऊबंद. आफ्रिकेतून मे महिन्यात येतो. मागच्या शनिवारी साडेनऊला ऊन मावळल्यावर आम्ही माळावर उभे होतो. आधी काहीच नाही. मग एका वाळक्या पाइनवरून एकसुरी घरघर सुरू झाली, श्वास न घेता, मिनिट-मिनिटभर. थांबली, पंखांची टाळी वाजली आणि तो आमच्या डोक्यावरून गेला. घरटं नाही, काही नाही. मादी उघड्या जमिनीवर दोन अंडी घालते. दाट झाडी झाली की त्याची जागा गेली.

मी तिथं उभा होतो आणि डोळ्यांसमोर तुझे खड्डे होते.

तुला आठवतं का, त्याच ठिकाणी, टेकाडाच्या खाली, माळटिटवीची अंडी आपल्या पायाखाली यायची? खड्यांतून वेगळी ओळखू यायची नाहीत. धाविक पक्षी पळायचा, थांबायचा, पळायचा. खोकडाची बिळं ओढ्याच्या वरच्या अंगाला. आणि लांडगा. तो आधी तूच पाहिलास, हे मी आजही मान्य करत नाही. तू बोरं खात होतास. तर हे सगळे उघड्या गवताचे रहिवासी. त्यांना सावली नको. त्यांना लांबवर दिसायला हवं, कुत्रं किंवा ससाणा कुठून येतोय ते. आणि उन्हाळ्यापासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत यातल्या पक्ष्यांची वीण असते, नेमका तुझ्या जेसीबीचा मोसम.

मला माहीत आहे तू काय म्हणणार. 'तिकडं थंडीत बसून आम्हाला शिकवू नकोस.' मी इकडं यायला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर तू हेच म्हणाला होतास आणि आपण वर्षभर बोललो नव्हतो. पुन्हा तसं नको. माझ्याकडं दुसरा कुणी नाही ज्याला हा माळ इंच-इंच माहीत आहे. इथं मीनालासुद्धा मी फक्त सांगू शकतो, तू तो पाहिला आहेस.

तुझी बाजूही मला दिसते. शाळेतली पोरं उत्साहात आहेत, रोपं फुकट मिळताहेत, मजुरीची कामं निघताहेत, उन्हाळा दर वर्षी जास्त भाजतोय. झाड लावणाऱ्या माणसाला नको म्हणणं कुणाला बरं वाटेल? पण सुभ्या, रोपं कसली आहेत ते मी व्हिडिओ थांबवून पाहिलं. गिरिपुष्प आणि सुबाभूळ. आपल्याकडं पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तिथली माती वीतभर, खाली मुरूम. त्यात पवन्या आणि मारवेल मुळं धरून बसतात, पाऊस आला की आठवड्यात हिरवी होतात आणि कार्बन जमिनीखाली साठवतात, जिथं वणव्याची झळ पोचत नाही. ते गवत उपटून तिथं परदेशी झाडं लावायची आणि टँकरनं पाणी घालायचं, यात आपल्याला काय मिळणार? सरकारी नकाशात असल्या माळांना पडीक म्हणून रंगवलेलं असतं, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिकडंच वळते.

आणि मला सर्वांत जास्त घोर लागलाय तो मेंढपाळांचा. रोपं जगवायची तर कुंपण घालणार, दोन-तीन वर्षं चराईबंदी करणार. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत आपल्या माळावर येतात. या वर्षी ते येतील आणि समोर तारा असतील. मग मेंढरं कुठं जातील? लोकांच्या उभ्या पिकात. मग भांडणं, मग पोलीस पाटील. ज्यांची मेंढरं आपण रानात बसवून घ्यायचो, ज्यांच्या तळावर तू आणि मी ताकासाठी जाऊन बसायचो, त्यांनाच आपण शाळेच्या पोरांच्या हातून माळाबाहेर काढणार. चराई गेली की काय होतं ते मी इथं पाहतोय. माणसं करवती घेऊन मेंढरांचं काम करताहेत.

इथल्या एका गोष्टीनं मला फार धीर दिला. हिंडहेडला ए३ हा मोठा हमरस्ता हीथ मधोमध चिरत जायचा. २०११ मध्ये त्याच्यासाठी बोगदा खुला झाला, जवळपास १.८ किलोमीटरचा, आणि वरचा जुना रस्ता चक्क उखडून काढला. डांबर उचललं, माती सारखी केली, आता तिथं हेदर आहे आणि आम्ही त्यावरून चालतो. रस्ता उखडता येतो तर खड्डे बुजवता येणारच. तुझी माती तर अजून खड्ड्याच्या काठावरच पडली आहे.

पण एवढी पाळी येऊ देऊ नये. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इथं एवढा बर्फ पडला की गॉर्समध्ये राहणारा डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी अख्ख्या ब्रिटनमध्ये जेमतेम दहा-अकरा जोड्या उरला. तो वाचला आणि पुन्हा वाढला, कारण हीथचे तुकडे जागेवर होते. आपल्या धाविकाला दुसरी जागा कुठं आहे? पलीकडं एमआयडीसी, अलीकडं ऊस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. झाडं लावा, भरपूर लावा, पण शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला, लोकांच्या बांधावर. कडुनिंब, करंज, बाभूळ, बोर. माळावर कुंपण नको. पोरांना तिथं न्यायचंच असेल तर पहाटे ने आणि चंडोल ऐकव. सरपंचांशी बोलायला तुला जड जाईल, मला माहीत आहे. माझं नाव सांग, म्हण तिकडून वेड्यासारखा मागं लागलाय. रोपांसाठी पैसे कमी पडत असतील तर ओढ्याकडच्या लागवडीचा आणि दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च मी उचलतो. हे मीनाशी बोलून लिहितोय.

टिलफर्डचं तेवढं सांगतो, तुला आवडेल. वे नदीवर मध्ययुगातले दोन दगडी पूल, मधे त्रिकोणी हिरवळ आणि त्यावर क्रिकेट. मैदान उताराचं आहे. हिरवळीच्या कडेला बार्ली मो नावाचा पब आहे, तो एकेकाळी 'सिल्व्हर बिली' बेल्डम चालवायचा, अठराव्या शतकाच्या अखेरीचा मोठा फलंदाज. १७६६ चा जन्म, १८६२ साली गेला. तिथं बसलो की मला तुझे ते ऑफला जाऊन लेगला मारलेले फटके आठवतात. उताराच्या मैदानावर तू द्विशतक ठोकलं असतंस, बॉल आपणच खाली घरंगळला असता!

पूजाला बारावीत छान गुण मिळाल्याचं आईकडून कळलं, तिला शाब्बास सांग, पुढं काय ते ठरलं की कळव. विहिरीला पाणी कुठवर टिकलं? ट्रॅक्टरचा हप्ता संपला का? वहिनींना नमस्कार, त्यांचं लोणचं पुरवून खातोय.

रविवारी तुझ्याकडं संध्याकाळी सात वाजता फोन करतो. तोवर जेसीबी पुढच्या ओळीला लावू नकोस, आणि वाडे परतले की नाही ते आधी जाऊन बघून ये.

तुझा,
पम्या