मंत्रिमहोदय, 41 खड्डे कोण बुजवणार?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या मुलांच्या कार्टिंग (छोट्या, उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या) स्पर्धेच्या बक्षीस समारंभात, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचे हेल्मेट डोक्यावर चढवून फोटो काढून घेताना, औद्योगिक वसाहतीतला तो पडीक डांबरी भूखंड दर रविवारी मुलांसाठी राखून ठेवण्याचा शब्द आपण दिला होता. परवा रविवारी पहाटे तेथे पोहोचलो, तेव्हा आपल्याच अभीष्टचिंतन सोहळ्याच्या मांडवासाठी त्या डांबरात पाडलेले 41 खड्डे दिसले. मुलीने आणि मी ते दोनदा मोजले. कार्टचा तळ जमिनीपासून जेमतेम दोन बोटे उंच असतो आणि खाली स्प्रिंगा नसतात, हे त्या समारंभात मीच आपल्याला सांगितले होते. पंक्चरवाल्यांकडून मागून आणून, दोरीने एकमेकांना बांधून आम्ही धडक झेलायला कडेला रचलेले जुने टायर नाल्यात सापडले.

आमच्या मंडळात पगारी माणूस एकही नाही. झेंडा एका मुलाची आई दाखवते, वेळ एक निवृत्त शिक्षक नोंदवतात आणि रुग्णवाहिकेचे भाडे वर्गणीतून जाते. लेखी परवानगीसाठी मी आपल्या कार्यालयात नऊ खेटे घातले, चार दिवसांचा पगार गमावला आणि शेवटी उत्तर मिळाले, की हा खेळ नसून मनोरंजन आहे. यात नवल ते काय? वस्तू व सेवा कराच्या यादीतही गो-कार्टिंगला आकाशपाळण्यांच्या पंक्तीला बसवले आहे (2018 साली दर 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, तेवढीच कृपा), आणि फॉर्म्युला वनसुद्धा उत्तर प्रदेशात मनोरंजनच ठरून 2011 ते 2013 अशा तीन शर्यतींत आटोपली.

बैलगाडा शर्यतीसाठी मात्र आपल्या विधिमंडळाने 2017 साली कायदा दुरुस्त केला. शेतकऱ्याचा मुलगा असल्याने मला त्याचा आनंदच आहे. फक्त आमच्या गाड्यांना बैल नाहीत आणि त्या चालवणाऱ्यांना मत नाही, एवढाच फरक मला दिसतो. उद्या हीच मुले सायलेन्सर काढलेल्या दुचाकी महामार्गावर पळवू लागली, की रस्ता सुरक्षा सप्ताहात त्यांना उपदेश करायला सगळी यंत्रणा व्यासपीठावर हजर असेल.

खड्डे बुजवून द्यावेत आणि परवानगी लेखी द्यावी, एवढेच मागणे आहे. नाल्यातले टायर आम्ही काढू. खडी आणि डांबर मिळाल्यास रोलरही आमच्यातल्याच एका पालकाचा आहे. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही तेथे असू. मांडवाचे दोन बांबू अजून खड्ड्यांतच उभे आहेत. ज्यांचे असतील त्यांनी त्याआधी घेऊन जावेत.

आपला,
कार्टिंग मंडळातील एक पालक